इकितोसला जाताना: अमेझॉनकाठच्या शहरात राहण्या-फिरण्याची व्यवहारी माहिती

पेरूच्या ईशान्येला, लोरेतो प्रांताची राजधानी असलेलं इकितोस हे चार लाखांहून जास्त वस्तीचं शहर. देशाच्या इतर भागांतून तिथे रस्त्याने पोचताच येत नाही. लांब पल्ल्याचा रस्ता एकच, तोही दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवरच्या नाउता गावापर्यंत जातो आणि नदीकाठी संपतो. माणसं, सिमेंट, कांदे, मोटरसायकली, सगळं येतं ते विमानाने नाहीतर बोटीने. त्यामुळे इथला कुठलाही बेत आखताना आधी विचारायचं ते हेच, की या महिन्यात नदीला पाणी किती असेल. हॉटेल आणि सहली त्यानंतर.

महिना आधी ठरवा

अँडीजमधला पाऊस आणि जंगलातला पाऊस मिळून नदी साधारण डिसेंबरपासून चढायला लागते. एप्रिल-मेमध्ये ती सर्वांत वर असते आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये सर्वांत खाली. या दोन टोकांत आठ-दहा मीटरचाही फरक पडतो. भरल्या पाण्यात होडी थेट जंगलात शिरते, माकडं आणि पक्षी जवळून दिसतात, बेलेन वस्तीत घरांमधून होडीने फिरता येतं. पण पायवाटा पाण्याखाली जातात, डास वाढतात आणि मासे पाण्यात पांगल्यामुळे बाजारात महाग होतात. उतरत्या पाण्यात चालायला जंगल मोकळं होतं, वाळूचे काठ उघडे पडतात, मासळी स्वस्त होते. मात्र बोटी वाळूच्या दांड्यांवर अडकतात, प्रवासाचे तास वाढतात, आणि धक्क्यावर उतरताना चिखलाचा उभा उतार आणि त्यावर टाकलेली एक फळी एवढीच वाट असते. दोन्हींचा थोडा थोडा लाभ हवा असेल तर जून-जुलै सोयीचा.

पावसाळा टाळून जाऊ म्हणाल तर इथे कोरडा महिनाच नाही. वर्षाला सुमारे तीन मीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत साधारण तेवढाच पाऊस चार महिन्यांत कोसळतो, इथे तो बारा महिन्यांत वाटून येतो. बहुतेक वेळा तास-दोन तासांची जोराची सर येते आणि ऊन पडतं. दिवसा 31-32 अंश, रात्री 22-23. जून-जुलैत अधूनमधून दक्षिणेकडून थंड हवा येते, तिला 'फ्रियाहे' म्हणतात. तेव्हा दोन-तीन दिवस पारा वीसच्या खाली जातो, म्हणून एक पातळ स्वेटर पिशवीत असावाच.

निघण्यापूर्वीचे कागद

भारतीय पासपोर्टवर पेरूचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला व्हिसा, किंवा तिथला कायम वास्तव्याचा परवाना असेल, तर 2017पासून पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासात अर्ज करावा लागतो. विमान ज्या देशात बदलायचं आहे तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधीच पाहा. पेरूत शिरताना किती दिवस मिळाले तेही तिथल्या तिथे तपासा. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दर दिवसामागे दंड भरावा लागतो.

पीतज्वराच्या लशीचं पिवळं पुस्तक ही खरी मेख. पेरू ते विमानतळावर सहसा मागत नाही, पण परतताना भारत मागतो. पीतज्वराच्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि वैध प्रमाणपत्र नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागतं. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होतं आणि पुढे आयुष्यभर चालतं. म्हणजे जायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही, महिनाभर आधी वेळ घ्या. लस फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य संघटना, गोव्यात मुरगावची बंदर आरोग्य संघटना ही त्यांतली काही. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, साठीपुढचं वय किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. ही जिवंत विषाणूची लस आहे.

पोचणं आणि पहिला दिवस

लिमाहून विमानाने सुमारे दोन तास. स्वस्त तिकिटात बहुधा फक्त लहान पिशवी धरलेली असते, मोठ्या बॅगेचे पैसे ऑनलाइन आधीच भरले तर कमी पडतात. वादळी पावसात उड्डाणं रखडतात, म्हणून इकितोसहून परतल्यावर त्याच रात्रीचं आंतरराष्ट्रीय विमान कधीही धरू नका. मध्ये एक रात्र लिमात ठेवा.

विमानतळाबाहेर मोटोटॅक्सीवाले घोळका करतात. मोटोटॅक्सी म्हणजे पुढे मोटरसायकल आणि मागे दोन-तीन माणसांचा छप्पर असलेला बाक. दोन्ही बाजू उघड्या. बसण्याआधी 'क्वांतो आस्ता ला प्लासा दे आर्मास?', म्हणजे मुख्य चौकापर्यंत किती, एवढं विचारून भाडं ठरवून घ्या. विमानतळ ते मध्यवस्ती साधारण 10-15 सोल, शहरातल्या शहरात 3 ते 5 सोल. रात्री आणि पावसात जास्त. सोल हे पेरूचं चलन, त्याचा रुपयातला ताजा दर निघण्याआधी पाहून ठेवा. दरवाजाजवळ उभं राहून 'तुमचं हॉटेल बंद पडलंय, दुसरीकडे नेतो' असं सांगणारे भेटतील. त्यांना दुसऱ्या हॉटेलकडून दलाली मिळते. शांतपणे ठरलेला पत्ता पुन्हा सांगा.

गाडीत बसल्यावर पिशवी पायांमध्ये ठेवा आणि तिचा पट्टा गुडघ्यात अडकवा. मोबाइल हातात धरून बसू नका. बाजूने मोटरसायकलवर येऊन हिसकावणं ही इथली नेहमीची चोरी आहे, आणि उघड्या बाजूंमुळे ती सोपी होते.

पैशांचं एक पथ्य पाळा: सुटे जपा. 100 सोलची नोट मोटोटॅक्सीवाल्याला, फळवालीला चालत नाही. दुकानदार 'सेन्सियो' आहे का विचारतो, तो सुट्टेच मागत असतो. मोठ्या नोटा सुपरमार्केटात किंवा औषधाच्या दुकानात मोडा. फाटकी नोट, मग ती सोलची असो की डॉलरची, कुणी घेत नाही, त्यामुळे सुटे मिळताना तुम्हीही घेऊ नका. स्थानिक लोक मोबाइलवरून 'यापे'ने पैसे देतात, पण पर्यटकाने त्यावर विसंबून राहू नये. शहराबाहेर नदीकाठच्या गावांत एटीएम नसतं, तेव्हा सहलीची रोकड इथूनच न्या.

वीज 220 व्होल्टची, म्हणजे आपली उपकरणं चालतात, पण खाच दोन चपट्या किंवा दोन गोल पिनांची असते. तीन पिनांच्या भारतीय प्लगला अडॅप्टर लागतोच. घरी फोन करायचा तर इथे सकाळचे साडेआठ म्हणजे भारतात संध्याकाळचे सात.

खोली कशी निवडावी

प्लासा दे आर्मास आणि मालेकोन, म्हणजे नदीकडेचा फिरण्याचा रस्ता, या भागात राहणं सोयीचं. मालेकोनवरून दिसणारं पाणी आता अमेझॉनचं नाही, ते इताया या दुसऱ्या नदीचं. मुख्य प्रवाह पूर्वेला सरकला. अमेझॉन पाहायला होडीनेच जावं लागतं.

रस्त्याकडची खोली घेऊ नका. मोटोटॅक्सींचा आवाज पहाटे पाचला सुरू होतो आणि मध्यरात्रीपर्यंत चालतो. आतल्या चौकाकडची, वरच्या मजल्याची खोली मागा. पैसे देण्याआधी तीन गोष्टी पाहा: खिडकीला जाळी आहे का, पंखा पूर्ण वेगाने फिरतो का, आणि गादीला-भिंतीला आंबूस वास येतो का. वास आला तर दुसरी खोली बघा, कारण दमटपणा आठवडाभरात तुमच्या कपड्यांत उतरतो. परदेशी पर्यटकांना पासपोर्ट दाखवल्यावर मुक्कामावरचा 18 टक्के कर माफ होतो. नोंदणीकृत हॉटेलात बिल भरण्याआधी ते आठवणीने विचारा.

महिना-दोन महिने राहणाऱ्यांनी चामड्याच्या वस्तू घरीच ठेवाव्यात. बूट, पट्टे, पाकीट यांवर काही दिवसांत बुरशी धरते. कॅमेरा आणि लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, पुड्या दर आठवड्याला कढईत मंद आचेवर कोरड्या करून पुन्हा वापरता येतात. जीन्स वाळत नाही. सुती-मिश्र, पटकन सुकणारे, पूर्ण बाह्यांचे फिके कपडे घ्या. रबरी गमबूट इथेच बेलेनच्या बाजारात स्वस्त मिळतात, मात्र पाऊल मोठं असेल तर माप मिळणं कठीण.

खाणं, विशेषतः शाकाहारी मंडळींचं

नळाचं पाणी पिऊ नका, दातही त्याने घासू नका. घर घेतलंत तर 20 लिटरचा पाण्याचा जार मागवा. रस्त्यावरच्या सरबतासाठी 'आग्वा एर्विदा', म्हणजे उकळलेलं पाणी, वापरलंय का विचारा. बर्फ टाळलेला बरा.

'सिन कार्ने' म्हटलं की इथे फक्त मोठ्या जनावराचं मांस वगळतात, ताटात कोंबडी येते. पूर्ण वाक्य पाठ करा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन', म्हणजे मांस, कोंबडी, मासा, हॅम काहीच नको. तरीही सूप कोंबडीच्या पाण्यातलं असतं, आणि घेवड्यात डुकराचा तुकडा असू शकतो. ताकाचो, म्हणजे कुटलेली भाजकी कच्ची केळी, दिसायला शाकाहारी, पण त्यात चरबी मळलेली असते. हुआने हा बिहाओच्या पानात बांधलेला भात, त्याच्या पोटात कोंबडी असते. निश्चिंत खाता येतं ते असं: पांढरा भात, तळलेली केळी, उकडलेला युका (कसावाचा कंद), अंडं चालत असेल तर अंडं, आणि चोन्ताची कोशिंबीर. चोन्ता म्हणजे ताडाच्या कोवळ्या गाभ्याच्या लांब पांढऱ्या फिती. वर लिंबू पिळून खातात, ताजी असेल तर फारच छान लागते. चिनी 'चिफा' खानावळीत 'चाउफा दे बेर्दुरास' म्हणजे भाज्यांचा भात मिळतो. दुपारी 'मेनू' मागितला तर सूप, मुख्य पदार्थ आणि पेय 10-15 सोलमध्ये होतं.

मासे खाणाऱ्यांची चैन आहे. पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेला पाताराश्का सोडू नका. पायचे या महाकाय माशावर ऑक्टोबर ते फेब्रुवारी मासेमारीबंदी असते. त्या काळात तो मागायचाच असेल तर शेततळ्यातला आहे का ते विचारा. कासव, कासवाची अंडी, मगर आणि रानातल्या जनावरांचं मांस बाजारात उघड दिसतं. ते विकत घेऊ नका. शिकार कशी झाली हे कळायला मार्ग नाही, आणि ही जनावरं झपाट्याने कमी होत आहेत.

स्वयंपाक करणार असाल तर निम्मी फोडणी इथेच सापडते. हळदीला इथे 'गिसादोर' म्हणतात, ताजी मुळंही मिळतात. आलं 'कियोन', जिरं 'कोमिनो', मसूर 'लेंतेहास'. कोथिंबिरीऐवजी लांब, दातेरी पानांची साचाकुलांत्रो घ्या. तिचा वास तीव्र असतो, म्हणून निम्मीच घाला. मिरचीत आही चारापिता ही वाटाण्याएवढी पिवळी मिरची जहाल आहे, चार जणांच्या आमटीला दोन पुरतात. हिंग, गोडा मसाला आणि तूरडाळ मात्र इथे मिळण्याची आशा नको. पेरूत उतरताना बिया, धान्य, वनस्पतिजन्य माल जाहीर करावा लागतो. दळलेले, कंपनीच्या बंद पाकिटातले मसाले सहज सुटतात, सुटी मोहरी किंवा मेथीदाणे जप्त होऊ शकतात. गॅसचा सिलिंडर 10 किलोचा असतो आणि मोटोटॅक्सीतून घरपोच येतो.

बेलेन, नानाय आणि नाउताचा रस्ता

बेलेनचा बाजार सकाळी सात ते दहा या वेळात पाहा. दुपारी माल संपलेला असतो आणि खालची वस्ती निर्जन होते. पासाहे पाकितो या गल्लीत औषधी साली, मुळं आणि दारूत मुरवलेल्या बाटल्या रांगेने मांडलेल्या असतात. खालच्या बेलेनमध्ये घरं ओंडक्यांच्या तराफ्यांवर किंवा उंच खांबांवर असतात. पाणी चढलेलं असताना तासाभराच्या होडीला 20-30 सोल पडतात, आणि नावाडी ओळखीचा किंवा हॉटेलने सांगितलेला असावा. एकट्याने गल्ल्यांमधून पायी फिरू नका. लोकांच्या दारात जाऊन फोटो काढताना आधी विचारा, ती त्यांची राहती घरं आहेत.

बेयाविस्ता-नानायच्या धक्क्यावरून पाद्रे कोचाच्या फुलपाखरू केंद्रासाठी छोट्या होड्या सुटतात. तिथेच सळईवर भाजलेल्या सुरी, म्हणजे ताडाच्या खोडातल्या अळ्या, विकतात. नाउताच्या रस्त्यावर शहरापासून थोड्याच अंतरावर मानाटी या जलचर सस्तन प्राण्याचं बचाव केंद्र आहे, पुढे किस्तोकोचा तलाव, आणि 25व्या किलोमीटरच्या आसपास आय्पावायो-मिशाना राखीव जंगल, जिथे पांढऱ्या वाळूवरचं वेगळंच रान दिसतं. तिन्ही एका दिवसात होतात. नाउताला सामायिक गाडीने दीड-दोन तास लागतात. त्याच्या जवळच मारान्योन आणि उकायाली या नद्या एकत्र येऊन अमेझॉन नाव घेतात. पाकाया-सामिरिया या 20 हजार चौरस किलोमीटरच्या राखीव क्षेत्रात जायचं असेल तर इकितोसहून महागडी सहल घेण्यापेक्षा नाउताहून व्यवस्था करणं स्वस्त पडतं, मात्र थोडं स्पॅनिश यायला हवं.

लांचा: हॅमॉकमधला प्रवास

मालवाहू प्रवासी बोटीला लांचा म्हणतात. युरिमाग्वास या नदीकाठच्या शहराहून इकितोसला प्रवाहाबरोबर अडीच-तीन दिवस, उलट दिशेने एखादा दिवस जास्त. उकायालीकाठच्या पुकाल्पाहून चार दिवस धरा. ब्राझील-कोलंबियाच्या सीमेवरच्या सांता रोसाला जलद बोट 10-12 तासांत पोचवते. तिथे देश सोडण्याची नोंद करूनच पलीकडे जा, नाहीतर पुढच्या वेळी दंड भरावा लागतो.

मोठ्या लांचा मासूसा आणि आजूबाजूच्या धक्क्यांवरून सुटतात. बोटीच्या पुढच्या टोकावर खडूने लिहिलेला फळा असतो, त्यावर सुटण्याची वेळ असते. ती वेळ माल भरून होईल यावर अवलंबून, कधीकधी एक दिवसही पुढे जाते. तिकीट बोटीवरच, कप्तानाकडून किंवा त्याच्या माणसाकडून घ्या, धक्क्यावर फिरणाऱ्याकडून नको. जागेसाठी चार-पाच तास आधी चढा.

बोटीवर झोपायला आपला हॅमॉक, म्हणजे दोरीने टांगायची झोळी, लागतो. तो कापडी घ्या. जाळीदार नायलॉनचा पाठीला रुततो आणि रात्री वाऱ्याने थंडी वाजते. सोबत दोन-दोन मीटरच्या दोन जाड दोऱ्या हव्यात, कारण छताच्या नळ्यांमधलं अंतर दर बोटीला वेगळं. वरच्या डेकवर, इंजिन, संडास, स्वयंपाकघर आणि दिवा या चौघांपासून लांब जागा निवडा. रंगवलेल्या नळीवरून दोरी सरकते, म्हणून आधी दोन पूर्ण वेढे आणि मग दोन गाठी मारा. ताणून बांधू नका. ताणलेल्या हॅमॉकच्या कडा अंगावर मिटतात आणि पाठ धनुष्यासारखी वाकते. चांगली झोळ सोडा, बसल्यावर बूड डेकपासून वीतभर-दोन वीत वर राहील एवढी, आणि त्यात तिरकं झोपा म्हणजे पाठ सपाट राहते. नंतर येणारे लोक दोन हॅमॉकांच्या मध्ये आपलं बांधतात. तो तिथला रिवाज आहे, वाद घालू नये.

जेवण तिकिटात असतं, पण वाडगा आणि चमचा स्वतःचा लागतो. घंटा वाजली की रांगेत उभं राहायचं. भात, केळी, कोंबडी आणि पातळ सूप. शाकाहारी माणसाने भाजके शेंगदाणे, लाडू, फळं आणि दर दिवशी तीन लिटर पाणी यांची सोय आपली आपण करावी. अंघोळीला नदीचंच पाणी येतं, ते तोंडात जाऊ देऊ नका. पातळ चादर, टॉर्च, संडासाचा कागद, साखळी-कुलूप बरोबर असावं. पासपोर्ट आणि पैसे अंगावर, रात्रीही. बोट गावी थांबते तेव्हा चोऱ्या होतात, अशा वेळी शेजाऱ्याला सांगितल्याशिवाय सामान सोडून जाऊ नका.

तब्येत

शहरापेक्षा आजूबाजूच्या नद्यांवर मलेरियाचा धोका जास्त, आणि लोरेतोत मलेरियाचे वायवॅक्स व फाल्सिपेरम हे दोन्ही प्रकार आढळतात. गावात किंवा लॉजवर रात्री काढणार असाल तर प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. क्लोरोक्विन इथे पुरेसं नाही. मलेरियाचा डास संध्याकाळी आणि रात्री चावतो, डेंग्यूचा दिवसा. त्यामुळे डीट असलेलं डास पळवणारं औषध दिवसरात्र लावावं लागतं. डेंग्यूचा संशय असेल तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, पॅरासिटामॉलच घ्या आणि रक्त तपासा. उघड्यावर झोपताना मच्छरदाणी गादीखाली खोचा, कारण लोरेतोत रक्तपिपासू वटवाघळांच्या चाव्याने रेबीज होतो. वटवाघूळ, कुत्रा किंवा माकड चावलं तर साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

उतरलेल्या पाण्यात वाळूवर चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. तळाशी पाकट मासा असतो, पाय घासल्याने तो दूर जातो. डंख बसलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, वेदना कमी होते. मग जखम डॉक्टरला दाखवा.

आयावास्का या भास निर्माण करणाऱ्या वनस्पतींच्या काढ्याचे कार्यक्रम शहरात जागोजागी विकले जातात. नैराश्यावरची औषधं घेणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊच नये, त्या औषधांबरोबर ते जिवावर बेतू शकतं. हृदयविकार किंवा मानसिक आजाराचा इतिहास असलेल्यांनीही दूर राहावं.

पोलिसांसाठी 105, रुग्णवाहिकेसाठी 106, अग्निशमनासाठी 116.

परतल्यावर मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या मध्येच सोडू नका. डॉक्सीसायक्लिन जंगल सोडल्यावर चार आठवडे, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस घ्यायची असते. वायवॅक्स यकृतात लपून महिन्यांनी उलटतो, तेव्हा वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना आधी लोरेतोत राहून आल्याचं सांगा आणि मलेरियाची रक्ततपासणी मागून घ्या.